दुसरी बाटली

२ जुलै २००६, रविवार. दौंड

आज पेपरात खेळाच्या पानावर एक बातमी होती, ती मी तीनदा वाचली. फ्रान्समधली ती मोठी सायकल शर्यत सुरू व्हायच्या आदल्या दिवशी चांगले चांगले सायकलपटू घरी पाठवून दिले. स्पेनमध्ये एका डॉक्टरच्या फ्रीजमध्ये रक्ताच्या पिशव्या सापडल्या म्हणे. शर्यतीच्या आधी रक्त काढून ठेवायचं आणि शर्यत तोंडावर आली की अंगात भरायचं. कधी स्वतःचं, कधी त्याच गटाच्या दुसऱ्या कुणाचं. रक्त वाढलं की दम वाढतो, पाय लवकर थकत नाहीत.

सुलक्षणाला वाचून दाखवलं. ती नर्स आहे, तिला यातलं कळतं. मी हसत म्हणालो, "मलापण मामांनी शर्यतीच्या आधी बाटली लावली होती. पण ती लोहाची."

"कसल्या रंगाची होती?" तिनं विचारलं.

"काळपट लाल. वरून पेपर गुंडाळला होता, उजेड लागू नये म्हणून. नळीतून दिसायची तेवढीच."

ती उठली आणि कुकर बघायला आत गेली. कुकरची अजून एकही शिट्टी झाली नव्हती. लग्नाला नऊ वर्षं झाली, माझ्या सायकलच्या गोष्टींचा तिला कंटाळा येत असणार.

बऱ्याच वर्षांनी वही लिहायला घेतलीय. भिमाजीमामा, म्हणजे आईचे सख्खे भाऊ आणि माझे कोच, आम्हाला रोज लिहायला लावायचे. सकाळची नाडी, किलोमीटर, जेवण, झोप. "झालं ते लिवा, वाटलं ते नको," असं म्हणायचे. आज मात्र काय झालं आणि काय वाटलं, हे वेगळं करता येत नाहीये.

५ जुलै, बुधवार

शिरूरहून सोपानरावांचा फोन आला. ते तिथल्या सायकल मंडळाचे अध्यक्ष. बंद पडलेली शिरूर–दौंड–शिरूर शर्यत यंदा पुन्हा सुरू करतायत, १३ ऑगस्टला. मामांचा सत्कार, माझाही सत्कार.

"चौऱ्याण्णवचा तुमचा टाइम अजून कुणी मोडला न्हाई, सत्यजीतराव," ते म्हणाले.

शर्यतच झाली नाही तर मोडणार कसा? पण ऐकून बरं वाटलं. त्याच शर्यतीमुळे मी जिल्ह्याकडून राज्याला गेलो, तिथं तिसरा आलो आणि खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागलो. वडील गेल्यावर आई मला घेऊन मामांच्या घरी आली होती. मी सात वर्षांचा होतो. आज पार्सल ऑफिसात माझ्या नावाची खुर्ची आहे ती त्या एका रविवारमुळे.

दुसरा आला होता हनुमंत, न्हावऱ्याचा. मामांनी तयार केलेली आम्ही दोघं पोरं. खरं सांगायचं तर शर्यतीच्या आधी कुणीही पैज लावली असती तर हनुमंतावरच लावली असती. रोजच्या सरावात मी त्याची पाठ बघतच आलो. त्या दिवशी न्हावऱ्याच्या अलीकडच्या चढावर, त्याच्याच गावाच्या तोंडाशी, त्याचे पाय संपले.

८ जुलै, शनिवार

पेटीतून चौऱ्याण्णवची वही काढली. कोपरे वाळवीनं खाल्लेत, पण अक्षर वाचता येतं. जसंच्या तसं उतरवतो.

"१४ जाने. संक्रांत. नाडी ५४. मामी ऑपरेशन होऊन आज घरी आल्या. तीळगूळ. ४० कि.मी."

"२८ जाने. नाडी ५३. न्हावऱ्याच्या डॉक्टरांकडे गेलो. चांगदेवभाऊंनी बाटली लावली. ताकदीची. दोन-अडीच तास. खूप थंडी वाजली. मामांनी अंगावर घोंगडी टाकली. चांगदेवभाऊ म्हणाले लघवी लाल झाली तर लगेच सांग. झाली नाही."

"३० जाने. पहिला!!!"

खाली पानभर काही नाही.

सुलक्षणा खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "लघवीचं कशाला विचारलं असेल हो?"

"लोहाचा किडनीवर ताण येत असेल."

"असेल," ती म्हणाली आणि वही माझ्या हातातून घेऊन मिटून ठेवली. मग उगाचच विचारलं, हनुमंतभावजींचा रक्तगट कुठला. मी म्हणालो, बी पॉझिटिव्ह, माझाच. मामांनी सुरुवातीलाच सगळ्या पोरांचे गट तपासून घेतले होते, पडझड झाली तर माहीत असावं म्हणून. मामींचापण तोच निघाला होता, म्हणून तर त्यांच्या ऑपरेशनला हनुमंतानं रक्त दिलं. मी देणार होतो, पण मामा म्हणाले तू अशक्त आहेस.

हे लिहिताना वाटतंय, मी अशक्त कधी होतो?

१५ जुलै, शनिवार

मुंबईत मंगळवारी लोकलमध्ये स्फोट झाले, तेव्हापासून पार्सलची प्रत्येक पेटी उघडून बघायची ऑर्डर आहे. लिहायला वेळच नव्हता. उद्या सुट्टी मिळालीय. चांगदेवभाऊंना भेटायला रांजणगावला जाईन. न्हावऱ्याचे डॉक्टर वारून सहा वर्षं झाली. चांगदेवभाऊ तिथं त्यांचे कंपाउंडर होते, ते आता रांजणगावच्या एका कंपनीत फर्स्ट एड रूममध्ये असतात.

१६ जुलै, रविवार

मनावरचं ओझं उतरलं. ते लोहाचंच होतं.

चांगदेवभाऊ फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर गेटवर भेटले. केस पिकलेत. मला बघून आधी खूश झाले. चहाच्या टपरीवर बसलो. मी सरळ विचारलं, "भाऊ, शर्यतीआधी मला काय लावलं होतं?"

ते बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिले. "लोहाचंच व्हतं सत्यजीतराव. डॉक्टरांनी दिलं, मी लावलं. मामा म्हणले तसं."

"रक्त नव्हतं ना?"

"कोण म्हणतंय रक्त?" ते एकदम मोठ्यानं म्हणाले. शेजारचे दोन बिहारी कामगार वळून बघायला लागले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्हाला लई हुडहुडी भरली व्हती, ते आठवतंय मला. माझीच चूक. फ्रीजमधनं काढून जरा वेळ बाहेर ठेवली असती तर एवढी थंडी वाजली नसती. मामा घाई करत व्हते."

मी त्यांचे हात धरले. बारा वर्षांपूर्वी आपण थंडीनं कुडकुडलो हे हा माणूस अजून लक्षात ठेवतो, यानं भरून आलं. निघताना म्हणाले, "मामांना इचारू नका हे. म्हातारा माणूस हाय."

येताना एसटीत झोप लागली. इतकी गाढ झोप आठवड्यात लागली नव्हती.

१८ जुलै, मंगळवार

परवा सुलक्षणाला सगळं सांगितलं होतं. आज ड्यूटीवरून आली, पिशवी ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाली,

"लोह फ्रीजमध्ये कशाला ठेवतील?"

मी पेपरची घडी घालत राहिलो.

"आणि लघवी लाल झाली तर सांगा, हे आम्ही रक्त चढवताना पेशंटला सांगतो. गट जुळला नाही तर तसं होतं. मला पहिल्या दिवशीच वाटलं होतं. तुम्हाला कसं सांगू ते कळत नव्हतं."

मी म्हणालो, "लोहालापण सांगत असतील. खेड्यातले डॉक्टर."

"सांगत असतील," ती म्हणाली. माझ्याकडं बघितलं नाही.

मग मी भांडलो. तुला माझं एकमेव यश बघवत नाही, असं काहीतरी बोललो. लिहायलाही लाज वाटते.

१९ जुलै

समजा, रक्त होतं. तर ते कुणाचं? माझं कधी काढलं नव्हतं.

२३ जुलै, रविवार. न्हावरे

हनुमंताला सत्काराचं सांगायला गेलो होतो. सांगायला गेलो होतो हे खोटं आहे. त्याला बघायला गेलो होतो.

त्याचं बरं चाललंय. घराशेजारीच दूध संकलन केंद्र आहे, आठ जर्सी गाई, दोन एकर ऊस. हरिबा, त्याचे वडील, दारात बाजेवर बसले होते. एके काळी त्यांच्या मेंढरांच्या कळपामागं हनुमंत फुटक्या सायकलवर फिरायचा. तिथंच मामांना तो पहिल्यांदा दिसला. हरिबा म्हणाले, "ये रं जावईबापू," आणि हसले. शिरूरच्या माणसांना ते सगळ्यांनाच तसं म्हणतात.

हनुमंतानं धारोष्ण दूध आणलं. सत्काराचं ऐकून म्हणाला, "मामांचा व्हायलाच पाहिजे. मी येईन का न्हाई सांगत न्हाई. त्या रस्त्यानं सायकली जाताना मला अजून बघवत न्हाई."

मग स्वतःहूनच बोलायला लागला. "सत्या, त्या दिवशी सकाळी मी पोहे जास्त खाल्ले व्हते. आईनं आग्रह केला. बारा वर्षं झाली, मी पोह्याला हात लावत न्हाई. दौंडपर्यंत कसा गेलो ठाऊक हाय ना तुला? पुढंच व्हतो. येताना चढ लागला आन् डोळ्यापुढं काळं झालं. पायात जीवच न्हाई. बा इथंच उभा व्हता, पोरं घेऊन, ढोल घेऊन. त्येच्यासमोर मी सायकलीवरनं उतरून चालत आलो चार पावलं."

मला ते आठवत होतं. मी त्याच्या शेजारून गेलो तेव्हा त्याचे ओठ पांढरे दिसले होते.

"तू मामींना रक्त दिलं होतंस ना तेव्हा, त्यानं अशक्तपणा आला असेल," मी म्हणालो.

"त्याचं काय. बाई जगली की. दरवर्षी भाऊबीजेला बोलवती, आता भाऊ न्हाई तर ल्योकच म्हणती मला. दोनदा दिलं, एकदा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आन् एकदा संक्रांत झाल्यावर. दुसऱ्या टायमाला मामा सोता न्यायला आले व्हते राजदूतवर. म्हणले, मामीचं रक्त अजून भरलं न्हाई. पण त्येनं काय व्हतंय, जवान गडी व्हतो."

मी दूध संपवलं. एसटीत बसल्यावर ते शब्द परत ऐकू आले. संक्रांत झाल्यावर.

संक्रांतीला मामी घरी होत्या. माझ्या वहीत आहे. तीळगूळ त्यांनी स्वतःच्या हातानं दिला होता.

२६ जुलै

सुलक्षणाची माफी मागितली. ती म्हणाली, "मला नको, आधी खात्री करा." काय खात्री करू? मला खात्री आहे आणि नाहीही. एखादी पिशवी मामींच्यासाठी राखून ठेवली असेल, लागली नसेल, टाकून दिली असेल. मला दिलेलं लोहच असेल. लोह फ्रीजमध्ये ठेवलं असेल. चांगदेवभाऊंना नीट आठवत नसेल. हे सगळं होऊ शकतं. एकावर एक रचत गेलं तर माणूस कुठपर्यंतही जाऊ शकतो.

३० जुलै, रविवार. शिरूर

मामांना विचारलं.

मामी आत थालीपीठं लावत होत्या. मामा पडवीत खुर्चीवर, समोर सत्काराची पत्रिका. त्र्याहत्तर वर्षांचे आहेत, पाठ अजून सरळ. मी आवाज बारीक ठेवून विचारलं, "मामा, हनुमंताची दुसरी बाटली कुठं गेली?"

मला वाटलं होतं चिडतील, नाही म्हणतील. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला.

"तुला आता सुचलं व्हय हे?"

"मामा, मला लावलीत का?"

"ब्याऐंशी साली दिल्लीला खेळाडूंच्या कॅम्पात मालिशवाला म्हणून गेलो व्हतो मी. तिथं एक परदेशी ट्रेनर व्हता, त्यानं सांगितलं, तिकडं कसं करत्यात. डोक्यात राहिलं. मग दहा-बारा वर्षांनी उपयोग झाला." जणू खताची जात सांगावी तसं सांगत होते. "इष घातलं न्हाई मी कुणाच्या अंगात. माणसाचं रक्त हाय. देवानं दिल्यालं."

"ते हनुमंताचं होतं."

"त्यानं दिलं. हिसकावून घेतलं न्हाई."

"मामीसाठी म्हणून दिलं त्यानं! आणि त्यामुळं तो मागं पडला. तुम्हाला माहीत नव्हतं का, दोनदा रक्त काढल्यावर काय होईल?"

आतून मामींनी विचारलं, "सत्या, लोणी वाढू का दही?" मी म्हणालो, काहीही. मामा पुढं झुकले.

"माझी बहीण पांढऱ्या कपाळानं माझ्या दारात आली व्हती. तिच्या पोराचं मला बघायचं व्हतं. हनुमंताकडं मेंढरं व्हती, बाप व्हता. तुझ्याकडं काय व्हतं? त्याचे पाय तुझ्यापेक्षा चांगले व्हते, हे मला कळत न्हवतं व्हय? कळत व्हतं म्हणूनच केलं."

थालीपीठ खाल्लं. दोन खाल्ली. का खाल्ली ते कळत नाही.

निघताना मामांनी फाटकाशी हात धरला. "तुझ्या मामीला यातलं ठाऊक न्हाई. तिला वाटतंय दोन्ही बाटल्या तिलाच लागल्या असत्याल, तिनं कधी मोजल्या न्हाईत. तिच्यापुढं बोलू नगंस."

१ ऑगस्ट

मामा वाईट आहेत का? मी सात वर्षांचा असल्यापासून त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत गेलो. मला ताप आला की रात्रभर कपाळावर पट्टी बदलायचे. त्याच माणसानं हे केलं. आणि माझ्यासाठीच केलं. मला राग येतो तो अर्ध्यात अडकतो, पुढं जात नाही.

सत्काराला नाही म्हणू का? सोपानरावांना काय कारण सांगू?

सुलक्षणा म्हणते, आधी ज्याचं आहे त्याला सांगा.

६ ऑगस्ट, रविवार. न्हावरे

सांगितलं.

सकाळचं दूध घेऊन झालं होतं. हनुमंत कॅन धूत होता. मी म्हणालो, इकडं ये, बस. उभ्यानंच ऐकतो म्हणाला. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, वही दाखवली, १४ तारीख आणि २८ तारीख. मामा काय म्हणाले तेही. फक्त मेंढरांचं वाक्य गाळलं.

त्यानं नळ बंद केला. बराच वेळ कॅनच्या आत बघत राहिला.

"म्हंजी पोह्यानं न्हाई झालं."

"नाही."

"आईला मी बारा वर्षं बोल लावतोय." मग म्हणाला, "पहिली बाटली तरी मामीला लागली का?"

"लागली. ती खरी आहे."

"खात्रीनं सांगतोयस का असंच?"

"मामा म्हणाले. मामींना तर वाटतं दोन्ही त्यांनाच लागल्या."

त्यानं मान हलवली. मी म्हणालो, "मी सत्कार घेणार नाही. सोपानरावांना कळवतो. तुझं नाव…"

"नोकरी सोडणार हायस का?"

मी तयार नव्हतो या प्रश्नाला. घर डोळ्यासमोर आलं, पोरीची शाळा, खुर्ची. खोटं बोलता आलं असतं.

"नाही," मी म्हणालो.

"मग सत्कार सोडून माझ्यावर कशाला उपकार करतोयस? घे की शाल." तो कॅन उलटा घालायला लागला. "मला कशाला सांगितलंस?"

"डोक्यात ठेवता येईना म्हणून."

"बरं केलंस. म्हंजी आता माझ्या डोक्यात."

मी उठलो तरी त्यानं वर बघितलं नाही. फाट्यावर पोचलो तेव्हा मागून पळत आला. मला वाटलं मारतोय. म्हणाला, "मामीला सांगू नको. तिचं काय न्हाई यात." आणि परत गेला.

१३ ऑगस्ट, रविवार. शिरूर

आज जे झालं ते क्रमानं लिहितो.

शर्यत सकाळी सुटली, एकशे चार पोरं. साडेदहाला मैदानावर मांडवात सत्कार. मामा, मी, सोपानराव, दोन पुढारी स्टेजवर. मामी पहिल्या रांगेत, नव्या लुगड्यात. मी ठरवलं होतं, दोन वाक्यं बोलून बसायचं.

हनुमंत आला. पांढरा शर्ट घालून, मुलीला घेऊन. मामींनी हाताला धरून त्याला शेजारी बसवलं.

माझी पाळी आली. माईक हातात घेतला आणि समोर ती दोघं दिसली. दोन वाक्यं विसरलो. मी म्हणालो, "त्या वर्षी आमच्यातला खरा सायकलपटू हनुमंत होता. त्या शर्यतीच्या आधी त्यानं एका जिवासाठी दोनदा रक्त दिलं होतं. एकदा संक्रांतीच्या आधी, एकदा नंतर. ते अंगातून गेलं म्हणून तो मागं पडला. माझ्या नावावर जो टाइम लागलाय, तो त्याचा आहे. मंडळानं तो त्याच्या नावावर लावावा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं मी मनाचा मोठेपणा दाखवतोय. सोपानरावांनी लगेच हनुमंताला वर बोलावलं, माझी शाल काढून त्याच्या खांद्यावर घातली, फोटो काढले. हे सगळं खरं बोललो होतो आणि तरी कुणालाच खरं कळलं नव्हतं. मला वाटलं, जमलं. कुणी दुखावलं नाही आणि हनुमंताला त्याचं मिळालं.

मामा मात्र हातातल्या नारळाकडं बघत होते.

फोटोसाठी उभं असताना हनुमंत माझ्या कानाशी म्हणाला, "दोनदा म्हणालास. तारखा पण सांगितल्यास. येड्या, मामी बघ."

मी बघितलं. मामी टाळ्या वाजवत नव्हत्या. डाव्या हाताच्या बोटांवर अंगठा फिरवत काहीतरी मोजत होत्या.

१४ ऑगस्ट, सोमवार. दौंड

ऑफिसात मामींचा फोन आला. त्यांनी स्वतः नंबर फिरवून कधी फोन केल्याचं मला आठवत नाही.

"सत्या, मी तुला एकच इचारते. तुझ्या मामाला इचारलं, तर ते शेतावर निघून गेले. मला ऑपरेशनला एकच बाटली लागली. डॉक्टरनं सांगितलं व्हतं मला, एकीतच भागलं, नशीब तुमचं. संक्रांतीला मी घरी व्हते. संक्रांतीनंतर त्या पोरानं रक्त दिलं ते कुणाला?"

बाहेर कुर्डुवाडी पॅसेंजर लागत होती. हमाल कांद्याच्या गोणी ओढत होते. मी कानात बोट घातलं.

"मामी, तुम्ही नका विचारू."

"मी त्याला ल्योक म्हणते. मला कळायला नगं?"

"माझ्यात," मी म्हणालो. "दुसरी बाटली माझ्यात घातली, मामी."

मग त्या म्हणाल्या, "तुला ठाऊक व्हतं?"

"नाही. आई शप्पथ, आत्ता जुलैपर्यंत नाही."

"आन् त्याला?"

"आठ दिवस झाले."

"तरी तो काल माझ्या शेजारी बसला." एवढंच म्हणाल्या आणि ठेवला.

१६ ऑगस्ट

मामा फोन घेत नाहीत. सुलक्षणा म्हणाली, तुम्ही बरोबर केलं. मी विचारलं, नक्की? म्हणाली, "नक्की नाही. पण मला दुसरं काही सुचलं नसतं."

२० ऑगस्ट, रविवार. दौंड

दुपारी दार वाजलं. हनुमंत. पहिल्यांदाच माझ्या क्वार्टरवर आला. सुलक्षणानं पाणी दिलं, तो खुर्चीच्या कडेला बसला.

म्हणाला, मामी गुरुवारी न्हावऱ्याला आल्या होत्या. एकट्या, एसटीनं. बारा वर्षं तो त्यांच्याकडं जेवला, त्या त्याच्या घरी कधी आल्या नव्हत्या. गिताबाईंच्या, त्याच्या आईच्या, चुलीपुढं जाऊन बसल्या. दोघी म्हाताऱ्या काय बोलल्या ते त्यानं ऐकलं नाही. पिठलं-भाकरी खाऊन, उरलेली भाकरी फडक्यात बांधून घेऊन गेल्या. जाताना हरिबांच्या पायाला हात लावला. "बा उठून उभाच राहिला," हनुमंत म्हणाला. "त्याला कळंना काय करावं."

मामांचं विचारलं. मामींनी त्यांच्याशी बोलणं टाकलंय. ताट वाढतात, बोलत नाहीत.

मला वाटलं आता तो माझ्याबद्दल काहीतरी म्हणेल, माफ केलं किंवा केलं नाही. त्यानं ते काहीच म्हटलं नाही. मी म्हणालो, "हनुमंता, ती बाटली नसती तर मी जिंकलो असतो का?"

"मला काय ठाऊक. मी जिंकलो असतो का, ते तरी कुठं ठाऊक हाय? टायर फुटला असता. पोहे बी जास्तच व्हते." थोडा वेळ फरशीकडं बघून म्हणाला, "चढावर तुला कसं वाटलं? मला सोडून पुढं गेलास तवा. खरं सांग. बारीकसारीक सांग."

मी सांगायला लागलो. सुरुवातीला शब्द सापडत नव्हते. छातीत जागा झाल्यासारखं वाटत होतं. श्वास घेतला की तो खाली, पार पायांपर्यंत जायचा. चढ आहे हे डोळ्यांना दिसत होतं, मांड्यांना कळत नव्हतं. वारा समोरून होता. घामसुद्धा गार वाटत होता. कधी नव्हे ते मला वाटलं होतं की हा रस्ता अजून मोठा असता तरी चाललं असतं.

तो डोळे मिटून ऐकत होता. तोंड जरा उघडं होतं. मी थांबलो की म्हणायचा, "आन् मग?"

"मग ते चिंचेचं झाड आलं. तिथून उतार."

"तिथं मोठा गिअर टाकलास?"

"नाही. भीती वाटली."

त्यानं डोळे उघडले.

"मी टाकला असता," तो म्हणाला.